अनावश्यक आवाज

देवसिंगनं बैलाला विहिरीच्या काठानं वळवलं आणि बैल पुन्हा जमिनीत गेला. ठेचकाळला नाही, घसरला नाही. चांगला हिरव्या गवतावर उभा होता, तो पाठीवरच्या गोण्यांसकट सरळ खाली उतरला. थोडा वेळ नुसती शिंगं दिसत राहिली, मग तीही गेली.

मागं उभ्या असलेल्या पोरांपैकी कोणीतरी फिसकन हसलं. बाकीचे हसले नाहीत. सगळ्यांनी हा गेम कितीतरी आधी बुक करून ठेवला होता, आणि ज्याच्या त्याच्या घरी सकाळपासून हेच चाललं होतं.

"भाऊ, तुह्या मशीनवर तरी चालन वाटलं होतं," एक जण म्हणाला.

"पहिला दिवस हाये. होते असं," देवसिंग म्हणाला आणि त्यानं गेम पुन्हा सुरू केला.

"पहिल्याच दिवशी बैल पाताळात," खिडकीपाशी बसलेला श्रावण म्हणाला. "ढाणकीच्या बाजारात बैल घ्याचा असला तं आपण त्याचे दात पाह्यतो, चालवून पाह्यतो, पाय उचलून खूर पाह्यतो. अन् हा बैल तू न पाह्यता घेतला. वरून साऱ्या तांड्याले घ्यायले लावला."

श्रावण देवसिंगच्याच तांड्यातला, लहानपणापासूनचा मित्र. आता मास्तर झाला होता आणि शाळा सुटली तरी त्याची मास्तरकी सुटत नसे. देवसिंग एरवी त्याला दोन शब्द सुनावून गप्प करी, पण आज सुनावायला तोंड नव्हतं.

महागावच्या मोठ्या रस्त्यावर, बियाण्याच्या दुकानाच्या वर देवसिंगची गेम खेळायची खोली होती. खाली सोयाबीन आणि कापसाच्या गोष्टी चालत, वर तलवारी आणि मोटारी. त्या खोलीत गेले कित्येक महिने एकाच गेमचं पोस्टर लागलं होतं. 'लदेणी'. पुण्याच्या एका नव्या कंपनीनं काढलेला. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून रानोमाळ फिरणाऱ्या जुन्या बंजारा तांड्याचा गेम. आपल्या आज्या-पणज्यांची लदेणी कोणीतरी पडद्यावर आणतंय, हेच देवसिंगला पुरेसं होतं. पण त्याला त्याहून मोठं एक कारण होतं. जाहिरातीच्या शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव येई. आवाज, हंसाबाई राठोड. ती देवसिंगची आई, त्याची याडी.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात कंपनीची भैरवी नावाची मुलगी फुलसावंगीजवळच्या त्यांच्या तांड्यावर आली होती. मुक्कामाच्या वेळी बायका म्हणतात ते गाणं तिला हवं होतं, आणि ते हंसाबाईसारखं कोणी म्हणत नाही असं सगळ्यांनी सांगितलं. मग दाराखिडक्यांना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या. हंसाबाई घामानं निथळत गायली. जाताना भैरवीनं तिचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "मावशी, आता तुमचा आवाज जगभर जाणार."

आवाज जायच्या आधी हंसाबाईच गेली. पोटाचं दुखणं निघालं, यवतमाळच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आत एकाच माणसाला सोडत, म्हणून बाप बाबूसिंग आत आणि देवसिंग बाहेर. दाराच्या काचेतून त्याला दिसलं ते एवढंच, की बाबूसिंग ओल्या कापसाचा बोळा तिच्या ओठांवरून फिरवतोय. ऑपरेशनला नेली ती परत आली नाही. मागं फोटो राहिले, लग्नातली शूटिंग राहिली. पण कॅमेरा समोर आला की हंसाबाई तोंडावर पदर घेई आणि मुकी होई. साऱ्या घरात तिचा आवाज म्हणून कुठं सापडला नाही. आवाज होता तो पुण्यात, कंपनीजवळ.

म्हणून आगाऊ बुकिंग सुरू झाल्या दिवशी देवसिंगनं बुक केलं, आणि मग जो भेटेल त्याला बुक करायला लावलं. माह्या याडीचा आवाज हाये, म्हणे. आधी बुक करणाऱ्याच्या बैलाला आरशांची रंगीत झूल फुकट मिळणार होती. ती मात्र मिळाली. बैल झुलीसकट जमिनीत जात होता.

"कंपनीले फोन लाव," श्रावण म्हणाला. "पैसे परत मांग."

"उचलून नाही राह्यले."

"आधी तं दिवसातून दोनदा मेसेज पाठवत होते."

पोरं हळूहळू पांगली. कोणी भांडलं नाही, आणि देवसिंगला तेच लागलं. भांडले असते तर बरं झालं असतं. जाताना एकानं फक्त पोस्टरकडं पाहिलं. श्रावणही उठला, देवसिंगच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिना उतरला.

एकटा उरल्यावर देवसिंगनं दार लोटून घेतलं. त्याला अजून आशा होती. बैल पडोत, झाडं आभाळात लटकोत, माणसांना तोंडं नसोत; एक गाणं ऐकू आलं की बाकी सगळं माफ. विहिरीचा काठ टाळून, बैलांना डोंगराच्या कडेकडेनं नेत तो कसाबसा मुक्कामाला पोचला. राहुट्या पडल्या. शेकोटी पेटली, तिचा जाळ जमिनीपासून हातभर वर जळत होता. आरशांची काचोळी घातलेली एक बाई शेकोटीपाशी बसली आणि गाऊ लागली.

गोड आवाज होता. घोटलेला, शिकलेला, शहरातल्या पोरीचा. गाणं तेच होतं, पण शब्द तिच्या तोंडात परके होते, पाठ केल्यासारखे. शेवटची ओळ हंसाबाई जिथं श्वास घ्यायला थांबायची तिथं ही पोरगी थांबलीच नाही. एका दमात सरळ निघून गेली.

देवसिंगनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. नाव शोधलं, नाव होतं. आवाज, हंसाबाई राठोड. नाव ठेवलं होतं आणि आवाज काढून टाकला होता. आपण आईच्या नावावर साऱ्या तांड्याच्या गळ्यात हे मारलं, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचं तोंड कडू झालं. त्यानं बैल उठवला, विहिरीपाशी आणला आणि मुद्दाम, रागानं, काठावर घातला.

बैल पडला. बैल पडला की जो तो लगेच बटण दाबून गेम नव्यानं सुरू करी. देवसिंगनं बटण दाबलं नाही. हात मांडीवर टाकून तो काळ्या पडद्याकडं बघत राहिला. दुकानात खाली कोणी फवारणीच्या औषधाचा भाव विचारत होतं. बैल पडतच होता. आणि त्या काळोखात कोणीतरी खाकरलं.

"चालू झालं का बाई?"

देवसिंगनं आवाज वाढवला.

"देवा, पंखा कायले बंद केला रे? जीव चालला नं गरमीनं." मग थोडं हसू. मग लांबवर कोंबडीचा आवाज. "पानी दे थोडं. घसा सुकला माहा."

पाहुण्यांसमोर हंसाबाई आपली बंजारा बोली सोडून पोराशी, तिच्या देवाशीसुद्धा, मराठीतच बोलायची. ती गोधड्यांची खोली, तो उकाडा, कपाळावरचा घाम पदरानं पुसणारी आई, सगळं देवसिंगसमोर उभं राहिलं. त्या दिवशी त्यानंच तांब्या आणून दिला होता. आवाज थांबला, क्षणभर शांत झालं आणि पुन्हा खाकरणं आलं. चालू झालं का बाई. देवसिंग टेबलावर डोकं टेकून रडला. किती वेळ रडला त्याचं त्यालाच कळलं नाही. आई गेल्यावरही तो असा रडला नव्हता.

मग त्यानं भैरवीचा नंबर लावला. तिनं लगेच उचलला.

"दादा, मी आता तिथं नाही," ती म्हणाली. "गेम बाहेर यायच्या आधीच आमच्यापैकी बऱ्याच जणांना काढलं. तारीख आधीच जाहीर केली होती, बुकिंग घेऊन बसले होते. काही धड झालं नव्हतं, तरी काढला बाजारात."

"अन् गाणं? याडीचं गाणं काहून काढलं?"

"मावशींचा श्वास ऐकू येतो म्हणाले. मी खूप भांडले, दादा. त्यांना श्वास नको होता."

देवसिंगनं तिला काळोखातल्या आवाजाबद्दल सांगितलं. तिला पहिल्यांदा खरंच वाटलं नाही.

"ती पहिली कच्ची फाइल. आम्ही खरं गाणं येईपर्यंत नुसती जागा अडवायला जमिनीखाली टाकली होती. काढायची राहिली असणार. माझ्याजवळ काहीच नाही, दादा, सगळं त्यांनी ठेवून घेतलं. पण आता दुरुस्तीचं अपडेट सोडतील, तेव्हा ती जाईल. एका मशीनचं नेट काढून ठेवा."

त्यानं तेच केलं. कोपऱ्यातल्या मशीनची वायर काढून गुंडाळून खिशात टाकली. फोनवरही आवाज उतरवून घेतला. तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आला, तरी ठेवला. दुसऱ्या दिवशी अपडेट आलं. बाकीच्या मशीनवरचे बैल जमिनीवर चालू लागले, पोरं परतली, आणि कोपऱ्यातलं मशीन बिघडलंय असं देवसिंगनं सगळ्यांना सांगितलं. तिथं अजून जमीन फुटकी होती. ती फुटकी आहे तोवर आई आहे, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

काही दिवस एकट्यानं ऐकल्यावर त्याला ते बापाला ऐकवावंसं वाटलं. बाबूसिंग बायको गेल्यापासून शेतातच राही, हो-नाहीपलीकडं बोलत नसे. देवसिंग मोटारसायकल घेऊन शेतावर गेला तेव्हा तो गावातल्या मजुरांसोबत कापसाच्या ढिगाशी बसून पाल्याचा कचरा वेचत होता.

"बापू, महागावले चाल. याडीचा आवाज भेटला."

बाबूसिंगच्या हातातलं बोंड हातातच राहिलं. "गाणं?"

"गाणं नाही. बोलणं."

बाबूसिंग उठला. विहिरीवर जाऊन त्यानं हातपाय धुतले, तोंड धुतलं, झोपडीत जाऊन धुतलेला सदरा घालून आला. पागोटं सोडून पुन्हा नीट बांधलं. असा तो फक्त सासुरवाडीला जाताना तयार होई. देवसिंगनं मान वळवून घेतली.

खोलीत दुपारच्या जेवणामुळं कोणी नव्हतं. देवसिंगनं बापाला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. हेडफोन पागोट्यावरून बसेना, तेव्हा बाबूसिंगनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. पांढरे विरळ केस दिसले.

"हा बैल आपला," देवसिंग सांगू लागला. "याले आता विहिरीपाशी नेतो. तो खाली जाईन. मंग थांबाचं."

बैल गेला. पडदा काळा झाला. देवसिंग बापाच्या तोंडाकडं बघत होता. आधी तिथं काहीच नव्हतं. मग भुवया वर गेल्या. मग ओठांचा एक कोपरा हलला आणि बाबूसिंग हसला. पंख्यावरून बायकोनं पोराला रागावलं म्हणून हसला. देवसिंगला वाटलं, झालं. एवढ्यासाठी सगळं केलं, ते फळलं.

आणि बाबूसिंग उठला. हेडफोनची वायर ताणली गेली, हेडफोन कानांवरून निघून टेबलावर पडला. त्याचं लक्ष नव्हतं. तो दारापाशी ठेवलेल्या पाण्याच्या कॅनकडं गेला, स्टीलचा गिलास विसळला, काठोकाठ भरला आणि सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून परत आला. मशीनपाशी आला आणि थांबला.

गिलास कुणाच्या हातात द्यायचा ते त्याला कळेना.

टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. पानी दे थोडं. घसा सुकला माहा.

बाबूसिंगनं गिलास पडद्यासमोर ठेवला. खुर्चीवर बसला.

"कवापासून मांगून राह्यली?"

"तसं नाही, बापू. ते एकदाच बोलली हाये. तेच फिरून फिरून येते."

"रातीभर?"

"मशीन बंद केली का बंद होते."

"अन् चालू केली का पुन्हा मांगते."

बाबूसिंग काळ्या पडद्याकडं बघत होता.

"दवाखान्यात भी हेच म्हणे," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणे, एक थेंब द्याचा नाही. मी कापूस ओला करू करू लावला. तिनं कापूसच चोखला."

काचेतून पाहिलेला तो बोळा देवसिंगला आठवला. इतके दिवस आपण हा आवाज ऐकतोय, त्यात आपल्याला उकाडा ऐकू आला, कोंबडी ऐकू आली, आणि बापाला काय ऐकू येईल हे एकदाही डोक्यात आलं नाही. स्वतःचा त्याला संताप आला.

"बंद करतो, बापू."

"बंद नोको करू. बंद केलं तं ती तिथंच राह्यते ना." बाबूसिंगनं मांडीवरचं पागोटं घट्ट धरलं. "बाकीच्या मशीनी दुरुस्त झाल्या म्हणते ना तू? हे भी कर. काढ तिले तिथून."

"मंग आवाज जाईन. कायमचा. फोनात उतरवला तो नुसता पत्र्याच्या डब्यातला हाये."

"जाऊ दे."

"बापू, आपल्यापाशी तिचं दुसरं काहीच नाही."

"देवा," बाबूसिंग म्हणाला. "तहानलेल्या माणसाले कोंडून ठेवून आयकाचं काय?"

देवसिंगनं खिशातली वायर काढली. वायर भोकात जाईना. गेली तेव्हा पडद्यावर कंपनीचा निरोप आला. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. त्याखाली दुसऱ्या भागाची आगाऊ नोंदणी सुरू झाल्याचं मोठ्या रंगीत अक्षरांत होतं. मग काय काय सुधारलं ते बारीक इंग्रजीत. झाडांच्या सावल्या, शेकोटीचा जाळ, विहिरीचा काठ. आणि जमिनीखाली ऐकू येणारा अनावश्यक आवाज काढून टाकला आहे, असं एक वाक्य.

"काय लिहलं?" बाबूसिंगनं विचारलं.

"दुरुस्त करून राह्यले म्हणते."

हिरवी पट्टी सरकत सरकत भरली. तेवढ्या वेळात देवसिंगनं फोन काढला, बापाला दिसेल असा धरला आणि उतरवून घेतलेला आवाज पुसून टाकला. बाबूसिंगनं मान हलवली.

"आता ने बरं बैल तिथं."

देवसिंगनं बैलाला विहिरीच्या काठावर नेलं. बैल काठावर उभा राहिला. मागं-पुढं फिरवला, जागेवर उड्या मारायला लावल्या, तरी जमीन हलली नाही. झुलीचे आरसे उन्हात चमकत होते. गेम सुंदर होता. तारखेची घाई केली नसती तर पहिल्या दिवशीच असा आला असता, आणि मग देवसिंगला काही कळलंही नसतं.

बाबूसिंगनं हेडफोन उचलला आणि कानाला लावला. नुसता वारा वाजत असावा. तो बराच वेळ तसाच बसला, डोळे मिटून, एखाद्या बंद दाराला कान लावावा तसा. मग त्यानं हेडफोन काढून हळूच खाली ठेवला.

महागावात आला की तो पोराशीही मराठीत बोलत असे. चार लोकांत आपली बोली काढायची नाही, अशी त्याची जुनी सवय. आता खोलीत दुसरं कोणी नसतानाही त्यानं आधी दाराकडं पाहिलं. मग हलक्या आवाजात, घरच्या बोलीत, त्यानं पोराला विचारलं की ती आता पाणी मागत नाही, तर तिला पाणी मिळालं का.

देवसिंगनं पडद्यावरचा निरोप मिटवला.

"मिळालं, बापू," तोही घरच्या बोलीत म्हणाला.

बाबूसिंगनं पागोटं बांधायला घेतलं. जिन्यावर पावलं वाजली, जेवून परतणाऱ्या पोरांचं बोलणं ऐकू आलं, आणि दार उघडून श्रावण आत आला. कोपऱ्यातलं मशीन सुरू झालेलं पाहून त्याला बरं वाटलं. खुर्ची ओढून बसता बसता त्यानं समोरचा भरलेला गिलास उचलला.

"ठेव तो," देवसिंग म्हणाला.